नऊ नंबरचा उजवा

लढाई सुरू झाली आणि बुटांचे भाव गगनाला भिडले. चांगलं कातडं सगळं फौजेकडे जाऊ लागलं. लढाईवर रोज किती कोटी उडतात हे रेडिओवरचा माणूस छाती फुगवून सांगायचा, जणू पैसे त्याच्या सासऱ्याचेच. बूटवाले काका गल्ल्यावर बसून त्याला मनसोक्त शिव्या घालायचे. मग त्या कोट्यवधींतून उरलेली माणसं कुबड्या टेकत परत येऊ लागली आणि काकांच्या दुकानात एकेकच बूट मागू लागली.

"एक तुला दिला, तर दुसऱ्याचं मी काय लोणचं घालू?" काका वैतागायचे. सरकार गेलेल्या पायाची जी भरपाई देत होतं, तिच्यात अख्खी जोडी येत नव्हती आणि अर्धी विकणं काकांच्या जिवावर यायचं.

तोडगा काढला काकूंनी. "नात्यातली एवढी लग्नं जुळवलीत, आता पाय जुळवा की."

काकांनी ते मनावर घेतलं. एकाचा डावा उरलेला, दुसऱ्याचा उजवा, नंबर सारखा, की घातली दोघांची गाठ. किंमत निम्मी निम्मी. अट एकच: दोघांनी दुकानात येऊन रंग एकमतानं ठरवायचा. त्यावरून अशी खडाजंगी व्हायची की विचारू नका. "अरे, जमवून घ्या," काका मध्ये पडायचे, "तुम्हाला काय संसार करायचाय?"

बहुतेक सगळ्यांची स्थळं जुळली. राहिला तो पाट्या रंगवणारा पेंटर. डावा पाय शाबूत, नंबर नऊ, आणि बूट हवा तर लालच. "जन्मभर लोकांची दुकानं लाल केली," तो म्हणायचा, "आता पाय लाल करणार." रोज सकाळी दुकान उघडायचा अवकाश, स्वारी हजर.

"काका, आमचं स्थळ आलं का?"

"नऊचा उजवा मिळत नाही रे. धीर धर. लढाई काय एवढ्यात संपत नाही, येईल कुणीतरी."

काकांचा एकुलता एक मुलगाही तिकडेच होता. त्याचा विषय मात्र दुकानात काढायची कुणाची टाप नव्हती.

एका दुपारी दुकानातला फोन वाजला. फौजेच्या दवाखान्यातली नर्स बोलत होती. मुलगा सुखरूप आहे, घाबरू नका, डावा पाय तेवढा गुडघ्याखाली काढावा लागला.

"म्हणजे उजवा आहे. नंबर काय?" काकांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

"कसला नंबर?" नर्सनं विचारलं.

नंबर काकांना माहीत होता. पोरगं पहिलं पाऊल टाकायला लागलं, तेव्हापासून त्याच्या पायात बूट त्यांनीच चढवले होते. आणि रोज सकाळी दुकान उघडून आपण काय मागत होतो, तेही त्यांना आत्ता कळलं. कुणाच्या तरी पोराचा डावा पाय. इतक्या वर्षांत देवानं त्यांचं एकही मागणं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते नेमकं हे. काकू "जिवंत आहे ना, जिवंत आहे ना" म्हणत रडत होत्या. काकांना धड रडताही येईना. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

दुसऱ्या दिवशी पेंटर आलाच.

"काका, आमचं स्थळ?"

"आलं," काका म्हणाले. "नऊचा उजवा. माझाच मुलगा."

काकांनी लाल जोडीचा खोका उघडला आणि डावा बूट त्याच्यापुढे धरला. "घे. पैसे नकोत."

पेंटरनं बूट हातात घेतला, बोटांनी पुसला आणि खोक्यात उजव्याशेजारी परत ठेवून दिला.

"असं कसं? दोघांनी येऊन ठरवायचं, नियम तुमचाच आहे. येऊ दे त्याला घरी." कुबडी सावरत तो दारापर्यंत गेला आणि वळला. "आणि काका, त्याला सांगा, मी लालवर अडून बसणार नाही."