सुलाबाईची शिरगणती

१९७१ सालच्या शिरगणतीला सरकारनं आम्हा मास्तरांना उन्हात पिटाळलं, तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सदा चिडलेला असे. उंब्रजच्या शिवारात, ऊस तुटलेल्या एका रानात, म्हसवडकडच्या धनगरांनी खतासाठी मेंढरं बसवली होती. तिकडं न बघता मी सायकल पुढं काढली, तर एक म्हातारी हात पसरून आडवी आली.

"आवं मास्तर, आमाला मोजा."

"तुमची मोजणी तुमच्या गावी होईल, मावशी."

"तितं म्हनत्यात, जितं असाल तितं मोजत्याल. तीन खेपा अशाच गेल्या. साठी झाली माजी. मरायच्या आदी एकदा तरी कागदावर येऊ द्या की! न्हाईतर सुलाबाई हुती का न्हवती, कुनाला कळायचं?"

मला तिची दया नाही आली, स्वतःची लाज वाटली. मी सायकल बाभळीला टेकवली.

मग सुलाबाईनं कारभारच हातात घेतला. रोज संध्याकाळी वाघरात, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं शिरताना तीच मोजायची. तशीच तिनं माणसं माझ्यापुढं एकेक हाकलली. थोरला धुळा, सून धोंडुबाई, धाकटा अर्जुना, तीन नातवंडं. नवऱ्याचं नाव ती घेईना, तेव्हा म्हातारा स्वतःच ओरडला, "बिराप्पा!" माणशी एक चिठ्ठी, अशा सात भरल्या.

"सात. बराबर," ती म्हणाली. मेंढीच्या दुधाचा चहा पिऊन मी निघालो.

ओढ्याचा चढ होता म्हणून सायकल हातात धरून चाललो होतो, तेवढ्यात मागून आरोळी आली. सुलाबाई पदर खोचून पळत येत होती, मागं त्यांचं कुत्रं.

"थांबा मास्तर! एक चुकलं!"

"कोण?"

ती आधी पोट धरधरून हसली. "मी! वाघराच्या तोंडाशी उभं ऱ्हाऊन मोजायची खोड. मोजनारं आत नसतंय न्हवं!"

मलाही हसू आवरेना. सायकलच्या सीटवर आठवी चिठ्ठी ठेवून लिहायला लागलो. नाव, वय.

"काम काय लिहू?"

"मोजती. मेंढरं, मानसं. कोन मागं ऱ्हायलं त्ये बघती."

जागा बोटभर होती, तरी मी सगळं लिहिलं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्यात हाय व्हय मी?"

"आहात."

ती इतकी खूश झाली की मला भरून आलं. दोन पावलं जाऊन ती थबकली. "तुमी सवताला मोजलं का, मास्तर?"

"म्हणजे काय!" मी जरा तोऱ्यातच म्हणालो, आणि मीच भरलेल्या आमच्या घरच्या चिठ्ठ्या पिशवीतून काढल्या. आई, बायको, भाऊ. तीनच. पुन्हा मोजल्या. तीनच.

सुलाबाई रस्त्याच्या कडेला ऐसपैस मांडी घालून बसली, कुत्र्याला शेजारी बसवलं.

"काडा कागद," ती म्हणाली. "हं, नाव सांगा."