कोरा फोन

त्या वर्षी मे महिन्यात टिपणीस मॅडमनी तिसऱ्या वर्षाच्या तीन मुलांना सुट्टीतल्या संशोधनासाठी थांबवून घेतलं. कॉलेज बदलापूरच्या पलीकडे, माळावर. सुट्टीत कॅन्टीन बंद, पंखे निम्मे चालू. पण लॅबची किल्ली मुलांच्या ताब्यात होती आणि त्याचाच तिघांना मोठा अभिमान.

नरेंद्र आणि प्रीती पहिल्या वर्षापासून एकत्र प्रॅक्टिकल करत आलेले. दोघेही अंबरनाथ पूर्वेचे, दोघांची घरं एकाच बुद्धविहाराशी जोडलेली. नरेंद्रचे वडील शंकरराव आनंदनगरच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. तिसरा अनीश. त्याचे वडील त्याच कारखान्यात मॅनेजर. मॅडमनी अनीशला घेतलं, कारण त्याच्याकडे स्वतःचा लॅपटॉप होता आणि प्रयोगासाठी लागणारे दोन महागडे मोबाइल त्याने घरून आणून दिले. निदान नरेंद्र तरी तसंच समजत होता.

"आमच्या साहेबांचा मुलगा तुझ्याबरोबर?" शंकरराव खूश झाले होते. "बघ हां, जमवून घे त्याच्याशी."

ते 'जमवून घे' नरेंद्रला खुपलं.

विषय नवा होता. मोठ्या स्क्रीनचे मोबाइल तेव्हा नुकते लोकांच्या हातात येत होते. त्यात लपून बसणारं, आलेला-गेलेला प्रत्येक मेसेज तिसऱ्याच नंबरवर पाठवणारं सॉफ्टवेअर बाजारात मिळतं असं मॅडमच्या कानावर आलं होतं. ते कोण विकतं, कोण घेतं आणि ते फोनमध्ये आहे हे साध्या माणसाने ओळखायचं कसं, हे शोधायचं होतं.

पहिल्याच आठवड्यात तिघे उल्हासनगर कॅम्प एकमधल्या मोबाइलच्या गल्लीत गेले. दुकानदाराला अनीशने बेधडक विचारलं. दुकानदाराने आधी प्रीतीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणून म्हणाला, "मिल जाएगा, साईं. बीवी का, पार्टनर का, नौकर का, सब पता चलेगा. बस पाँच मिनट फोन हाथ में चाहिए."

"और सामनेवाले को पता चला तो?"

"किसको पता चलता है? सबके पास मेसेज पॅक है, बॅलन्स भी नहीं कटता."

बाहेर आल्यावर प्रीती खो खो हसली. अनीशने दुकानदाराची मान हलवायची लकब हुबेहूब उचलली होती. नरेंद्रलाही नक्कल येत होती. पण ती आजवर तिने कधी मागितली नव्हती आणि त्याने करून दाखवली नव्हती. त्या हसण्यापासून अनीशचं काहीच त्याला गोड लागेना. अनीशने डब्यातलं थालीपीठ पुढे केलं तरी त्याला वाटायचं, हा दान करतोय. प्रीतीने अनीशच्या लॅपटॉपवर वाकून काही विचारलं की त्याच्या हातून कमांड चुकायची.

विकत घेतलेलं सॉफ्टवेअर वापरायला मॅडमनी मनाई केली होती. म्हणून तसंच एक छोटं, फक्त लॅबमधल्या फोनांपुरतं, नरेंद्रने स्वतः लिहिलं. ते चांगलं जमलं होतं. मॅडम म्हणाल्या, "छान. पण हे या खोलीबाहेर जाता कामा नये."

प्रीतीकडे तिच्या भावाचा, विक्रांतदादाचा, जुना फोन आला होता. तोही लॅबमधल्या फोनांच्याच जातीचा. एका दुपारी तिने तो सहज नरेंद्रपुढे सरकवला. "अरे, यात ती डिक्शनरी टाकून दे ना. तोवर मी नि अनीश स्पीकरचं बघतो."

मी नि अनीश. एवढे तीन शब्द पुरले. डिक्शनरीबरोबर नरेंद्रने आपलंही सॉफ्टवेअर टाकलं, त्यात स्वतःचा नंबर घातला आणि फोन परत दिला. ती थँक्यूसुद्धा म्हणाली.

त्या दिवसापासून स्वतःचा फोन वाजला की तो आधी आजूबाजूला बघायचा. मेसेज येत राहिले. तिच्या आईचे, विक्रांतदादाचे, मैत्रिणींचे. ते तो न वाचताच पुसून टाकी. अनीशचे मात्र पुन्हा पुन्हा वाची. आणि त्यांत काय, तर 'एक्स्टेन्शन बोर्ड आण', 'मॅडम उद्या उशिरा येणार'. नरेंद्रला सुटल्यासारखं वाटायचं आणि लगेच वाटायचं, खरं बोलणं भेटीतच होत असणार.

मग एका संध्याकाळी, त्याची आई सुंदराबाई भाकऱ्या थापत असताना, दोन मेसेज पाठोपाठ आले. अनीशने लिहिलं होतं, 'नरेंद्रच्या नोंदींत वेळा चुकल्यात. मॅडमना सांगू?' प्रीतीचं उत्तर होतं, 'नको. मी उद्या गुपचूप नीट करते. त्याला फार लागतं.'

शिवी दिली असती तर परवडलं असतं. आपली कीव दोघांनी मिळून करावी, आणि ती प्रेमाने करावी, हे त्याला सोसेना. "जेवायला बस रे," आई म्हणत राहिली. त्याने ताट सरकवलं.

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन त्याने चुका दुरुस्त केल्या. प्रीतीने फाइल उघडली आणि थबकली.

"हे कधी केलंस?"

"काल सहज बघितलं. कोणी गुपचूप नीट करायची गरज नाही."

तिच्याच मेसेजमधला शब्द तोंडातून गेला आणि मागे घेता येईना. प्रीती त्याच्याकडे बघत राहिली. दुपारभर तिने फोन ओढणीच्या गाठीत बांधल्यासारखा मुठीत धरून ठेवला. नरेंद्र दोनदा म्हणाला, "दे जरा, त्या डिक्शनरीची नवी आवृत्ती आलीय." ती दोन्ही वेळा म्हणाली, "नंतर."

दुसऱ्या दिवशी मुख्य चाचणी होती. युक्ती प्रीतीचीच, आणि साधी. मोबाइल काही पाठवायला लागला की जवळचा स्वस्त स्पीकर टर्र टर्र करतो, हे कुणाला माहीत नाही? मग स्पीकरजवळ फोन ठेवायचा, त्याला मेसेज करायचा आणि ऐकायचं. मेसेज येताना टर्र होणारच. पण सगळं शांत झाल्यावर फोन आपण होऊन पुन्हा टरटरला, तर समजायचं की आत कुणीतरी बसलंय. तुलनेला एक कोरा, आत काहीच न टाकलेला फोन लागायचा. आधीच्या चाचण्यांत तो मॅडमचा असे.

"आज कोरा म्हणून माझा ठेवू," प्रीती म्हणाली.

नरेंद्रने खिशात हात घालून आपला फोन बंद केला.

अनीशने तिच्या नंबरवर मेसेज पाठवला. स्पीकर टरटरला, फोन वाजला, शांत झाला. पंखा फिरत होता. आणि मग स्पीकर पुन्हा टरटरला.

"अरे! कोऱ्यात कसं काय?" अनीश उत्साहाने खुर्चीतून उठला. "वायर हलली का? परत करू."

परत केलं. परत तेच. तिसऱ्या वेळी अनीशचा चेहरा हळूहळू बदलला.

प्रीती स्पीकरकडे बघतच नव्हती. "नरेंद्र, तुझा फोन चालू कर."

"बॅटरी गेलीय."

"चालू कर."

त्याने केला आणि टेबलावर ठेवला. नेटवर्कच्या दांड्या भरल्या आणि तो वाजला. मग आणखी एकदा. आणखी एकदा. स्क्रीनवर अनीशचंच वाक्य होतं, 'आज डब्यात काय?' आणि वर प्रीतीचा नंबर.

अनीश बाहेर गेला आणि जाताना दार ओढून घेतलं.

"डिक्शनरी टाकलीस तेव्हापासून?" तिने विचारलं.

"हो."

"दादाचे पण आले? त्याचं लग्न मोडलं, तो रडत लिहायचा मला. ते?"

"ते मी वाचले नाहीत, प्रीती. शपथ."

"आले होते ना पण?"

"आले होते."

"काय शोधत होतास तू?"

"तू आणि अनीश..."

"विचारायचंस. सांगायचं की नाही ते मी ठरवलं असतं." तिने फोनचं झाकण काढलं, बॅटरी बाहेर काढून पर्समध्ये टाकली. "आता मॅडमकडे मी जाऊ की तू जातोस?"

तो गेला. टिपणीस मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, आरडाओरडा केला नाही. "किल्ली ठेव," एवढंच म्हणाल्या. नंतर प्रीतीच्या देखत त्याच्याकडून दोन्ही फोन साफ करून घेतले. त्याची सुट्टी तिथेच संपली. घरी त्याने काम आटोपलं म्हणून सांगितलं. साहेबांच्या कानावर जाईल, मग बाबांच्या, या धास्तीत त्याने जून काढला. पण अनीशने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. त्याच्या या चांगुलपणाचाही नरेंद्रला राग आला.

जुलैत या कामाचा सेमिनार झाला. नरेंद्र शेवटच्या बाकावर बसला. प्रीती बोलत होती. अहवालात अनोळखी दुकानदार आणि चोरांविषयी सुरुवातीला जे लिहिलं होतं ते तिने बदललं होतं. आमच्या चाचणीत सापडलेला एकमेव खरा प्रकार ओळखीच्या माणसाने केलेला होता, ती म्हणाली. फोन त्याच्या हातात विश्वासाने दिला होता.

"कोण होता तो?" पुढच्या रांगेतून एकाने विचारलं. दोघे-तिघे हसले.

"ते आमच्या अभ्यासात येत नाही," प्रीती म्हणाली आणि पुढच्या चित्राकडे वळली.

नरेंद्रचे कान तापले. तिने झाकलं होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हे, हेही त्याला कळत होतं. त्याने मान खाली घातली. तेवढ्यात टाळ्या झाल्या म्हणून वर पाहिलं, तर अनीश तिच्याकडे पाण्याची बाटली सरकवत होता आणि ती न बघताच ती घेत होती. आता तर काही विचारायचाही हक्क उरला नव्हता. तो टाळ्या वाजवत राहिला, इतरांच्या थांबल्या तरी थोडा वेळ.