तक्रार नोंदली आहे

"पॉपमध्ये, म्हणजे तुमच्या जुन्या पद्धतीत, काय होतं काका, मेल सर्व्हरवरून तुमच्या कॉम्प्युटरवर उतरतो आणि तिथून पुसला जातो. आयमॅपमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीत, तो सर्व्हरवरच राहतो. आपापल्या जागेवरून सगळे तोच बघतात," कॉम्प्युटरवाली म्हणाली.

"सगळे म्हणजे?"

"सगळे म्हणजे सगळे. साहेबसुद्धा. चारपर्यंत होईल."

पोस्टमास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. परिस्थितीत फरक पडला नाही.

ते पोस्टमास्तर नव्हते. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत कारकून होते. पण एकोणीस वर्षं कंपनीचं सगळं टपाल त्यांच्या एकट्याच्या कॉम्प्युटरवर उतरत होतं. ज्याला मेल हवा त्याने त्यांच्या टेबलाशी यायचं, मग ते प्रिंट काढणार, शिक्का मारणार आणि देणार. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाचा मेल शिक्का मारून मेकॅनिककडे पोचेपर्यंत तो माणूस आपला आपण बाहेर पडला होता. त्याने आभाराचा मेल पाठवला. त्यावरही शिक्का बसला.

पॉप वाचवायला त्यांनी तुलनेचा तक्ताही केला होता. 'पॉप : टपाल घरात येते. आयमॅप : टपाल चव्हाट्यावर राहते.' साहेबांनी तो वाचला आणि म्हणाले, "दुसरं बरं वाटतंय. करून टाका."

खरी भीती 'किरकोळ' नावाच्या फोल्डरची होती.

सहा वर्षांपूर्वी एका इमारतीतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी कळवलं, की लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर उगाच थांबते. मेकॅनिक तीनदा जाऊन आला, त्याला काही सापडलं नाही. साहेब म्हणाले, "ह्या बाईंचा कागद पुन्हा माझ्यासमोर आला, तर तुम्हीच त्या लिफ्टमध्ये राहायला जा."

बाई मात्र दर मंगळवारी लिहीतच राहिल्या. उत्तर तर द्यायला हवं. पोस्टमास्तरांनी लिहिलं, 'तुमची तक्रार नोंदली आहे. – तांत्रिक विभाग.' कंपनीत तांत्रिक विभाग नव्हता.

दुसऱ्या वर्षी बाईंनी लिहिलं, 'आजही थांबली. कुणाची तरी वाट बघत असावी.' तांत्रिक विभागाने कळवलं, 'वयोमानाने असे होते. तिला बोलू नये.' तिसऱ्या वर्षी बाईंचे यजमान गेले. 'आज आम्ही दोघी तिसऱ्यावर बराच वेळ थांबलो. घाई नव्हती.' तांत्रिक विभागाने दोन दिवस घेतले आणि पानभर उत्तर लिहिलं. त्यात लिफ्टचा उल्लेख नव्हता. एवढं त्यांनी बायकोलाही कधी लिहिलं नव्हतं.

'किरकोळ'मधल्या या पत्रांची प्रिंट त्यांनी कधी काढली नाही, कारण प्रिंटर साहेबांच्या दाराशी होता. आणि निवृत्तीला दोन वर्षं होती.

"जुन्या मेलची एक प्रत वेगळी काढून ठेवू का, काका?"

"नको, नको! अजिबात नको!"

कॉम्प्युटरवालीने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं. साडेतीनला सगळं टपाल वर, सर्व्हरवर चढलं. तिने ते त्यांच्या फोनवरही जोडून दिलं.

पोस्टमास्तर फोन घेऊन शौचालयात गेले. एकोणीस वर्षांचा हिशोब साधा होता. मूळ पत्र आपल्या कॉम्प्युटरवर, बाकी सगळ्या नकला. वरची नक्कल काढून टाकली की मूळ आपल्यापाशी राहणार आणि साहेबांना काही दिसणार नाही. त्यांनी 'किरकोळ' दाबलं. फोनने विचारलं, कायमचं काढायचं?

"हो," ते मोठ्याने म्हणाले.

"मला म्हणालात?" शेजारच्या दाराआडून मेकॅनिकने विचारलं.

परत येऊन बघतात, तर कॉम्प्युटरवरही फोल्डर नव्हतं.

"अहो काका, आता वरचंच मूळ. एका ठिकाणी काढलं की सगळीकडून जातं. म्हणून तर प्रतीचं विचारलं होतं मी. काय होतं त्यात?"

"किरकोळ," पोस्टमास्तर म्हणाले.

चारला साहेबांनी सगळं वरखाली करून पाहिलं. "स्वच्छ आहे की! शाब्बास."

पोस्टमास्तर सुटले होते. पकडलं जाण्यासारखं काही उरलंच नव्हतं. तरी त्यांनी 'किरकोळ' पुन्हा दोनदा शोधून पाहिलं.

तो मंगळवार होता. चार वाजून दहा मिनिटांनी पाच कॉम्प्युटर एकदम वाजले. मेकॅनिकने मोठ्याने वाचलं, "'तांत्रिक विभागास. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे नवी लिफ्ट बसते आहे. मग माझी तक्रार उरणार नाही. तरी लिहिलं तर चालेल ना?'"

"हा तांत्रिक विभाग कोण?" साहेबांनी विचारलं.

"चुकून आलंय, साहेब. काढून टाकतो." मेकॅनिकचं बोट खाली आलं.

"हात लावू नका!"

एकोणीस वर्षांत हा आवाज कुणी ऐकला नव्हता. पोस्टमास्तर उभे होते.

"तो मी आहे, साहेब."

साहेब केबिनकडे वळले. "केबिनमध्ये या."

"येतो. एवढं उत्तर देऊन येतो."

ते बसले. चष्मा पुसला. मागे चौघे येऊन उभे राहिले. सवयीने 'तुमची तक्रार' इतकं टाइप झालं, ते त्यांनी पुसलं आणि 'चालेल' लिहिलं. खाली नेहमीचं 'तांत्रिक विभाग' आपोआप आलं होतं. ते एकेक अक्षर मागे घेत खोडलं आणि फॉर्म भरावा तसं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

मग साहेबांच्या दारापर्यंत जाऊन त्यांनी प्रिंट आणली, शिक्का मारला आणि खणात ठेवून कुलूप लावलं.