नकाशा वाढवल्यानंतर

नकाशा मोठा करायचं ठरलं त्या दुपारी अल्ताफ मुजावरची पाठ नाहीशी झाली.

मीटिंग संपवून आम्ही जागेवर आलो होतो. अल्ताफ माझ्या शेजारी बसतो. आमच्या गेममधली माणसं तो चालवतो, म्हणजे त्यांचं वळणं, वाकणं, डोक्यावर पाटी घेणं. तो चहा आणायला उठला, वळला, आणि मला त्याच्या शर्टाची आतली बाजू दिसली. शर्टात काही नव्हतं. वर मानेच्या जागी त्याच्याच चेहऱ्याची आतली बाजू होती, गणपतीच्या साच्यात डोकावल्यावर दिसते तशी. नाक असायला हवं तिथे खड्डा.

"अल्ताफ, तुला पाठ नाहीये," मी म्हणाले.

त्याने हात मागे नेला. हात थेट छातीला आतून लागला.

"हो," तो म्हणाला. "तुला चहा आणू का कॉफी?"

आमच्या धंद्यात हे नवं नाही. जे दिसणार नाही ते कुणी घडवत बसत नाही. गेममध्ये खिडकीत उभी असलेली बाई कमरेपर्यंतच असते. दुकानातल्या बरण्यांना मागची बाजू नसते. हाताशी वेळ तेवढाच आणि नकाशा भलता मोठा, मग कुठूनतरी कापावंच लागतं. आजवर कापलेलं पडद्याच्या आत राहायचं, इतकंच.

आमचा गेम एका गावाचा होता. गाव धरणात जाणार आहे. पाणी चढायच्या आत खेळणाऱ्याने घरोघरी जायचं, माणसांशी बोलायचं आणि प्रत्येक घरातून एक, फक्त एक गोष्ट बाहेर काढायची. मग पाणी येतं आणि गेम संपतो. कल्पना माझी होती, पण गाव आईचं होतं. शिंदोळी. ती लहान असताना ते बुडालं. तिच्या वडिलांनी घरातून दार काढून आणलं, चौकटीसकट. "नव्या जागेवर भिंती नव्हत्या," आई सांगायची, "पण दार होतं. आम्ही रोज दारातून आत जायचो."

ते ऐकूनच मी ठरवलं होतं की आपल्या गेममधलं प्रत्येक दार उघडलं पाहिजे.

विश्वजितने मीटिंगमध्ये वेगळं सांगितलं. विश्वजित रणदिवे हा आमच्या कंपनीचा मालक. आम्ही दोघांनी कॉलेजात एकत्र पहिला गेम बनवला होता, म्हणून मी त्याला अजून अरे-तुरे करते. तो म्हणाला, "एक गाव कोण खेळणार, हेमांगी? सगळं खोरं घेऊ. चाळीस गावं. डोंगर, जंगलं, घाट. लोक विचारतात, नकाशा केवढा आहे."

"आणि दारं?"

"लावू ना दारं. भरपूर लावू."

त्या संध्याकाळी मी घरी गेले तेव्हा आमच्या मजल्यावरचं साळगावकरांचं दार रंगवलेलं होतं. म्हणजे भिंत होती, आणि भिंतीवर दार रंगवलं होतं. कडी, नावाची पाटी, बेलचं बटण, उंबऱ्यावरची रांगोळी, सगळं सपाट. साळगावकरकाका बाहेरच उभे होते.

"काका, घरात कसे जाणार?"

"लिफ्ट चालू झाली का हो?" काका म्हणाले.

"लिफ्ट चालूच आहे. काका, तुमचं दार—"

"लिफ्ट चालू झाली का हो?"

त्यांच्या चेहऱ्यावर काळजी होती, पण वाक्य तेवढंच होतं.

आमचं दार उघडलं. आई खुर्चीत बसून गेम खेळत होती. ती सत्तरीला आली तरी आमचा प्रत्येक गेम आधी तीच खेळून बघते, आणि तिच्याइतकं स्पष्ट कुणी बोलत नाही. विश्वजितने नवा नकाशा आधीच करून ठेवला होता आणि दुपारीच आम्हा सगळ्यांना पाठवला होता.

"अगं, ही कसली गावं?" चष्मा कपाळावर सरकवत ती म्हणाली. "मी इतक्या वेळची दारं ढकलतेय. एक उघडेल तर शपथ. उघडायची नाहीत तर लावता कशाला?"

"लांबून गाव वाटावं म्हणून."

"लांबून बघायचं असतं तर मी आत कशाला गेले असते?"

मी तिला साळगावकरांबद्दल सांगितलं नाही. तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. तिचा अंबाडा जागेवर होता, मानेवरचे पांढरे केस होते, ब्लाउजचं शिवणीतलं उसवलेलं टोक होतं. मी बराच वेळ बघत राहिले.

"काय गं?" ती म्हणाली.

"काही नाही."

पुढच्या आठवड्यात विश्वजितने नारळ आणले. गेम रोज उघडला की एक नारळ बक्षीस, सलग उघडत राहिलं की पोतं, आणि एक दिवस चुकला की सगळे नारळ परत. त्या नारळांचा गेममध्ये काही उपयोग नव्हता. "उपयोग नकोच आहे," तो म्हणाला. "गेले तर वाईट वाटलं पाहिजे." सकाळी प्रत्येकाच्या टेबलावर एक नारळ होता. गेममधली झाडं चितारणारी रसिका तापाने घरी होती. तिच्या टेबलावर नारळ नव्हता. टेबलही नव्हतं, आणि ते होतं तिथे आता जागाही उरली नव्हती. त्यानंतर कुणी सुट्टी घेतली नाही.

अल्ताफ भिंतीला पाठ लावून, म्हणजे पाठीची जागा लावून, जेवायचा. एकदा डबा उघडून तो तसाच बसला.

"अलिशाला काल घोडा हवा होता," तो म्हणाला. अलिशा त्याची मुलगी, पहिलीत आहे. "मी गुडघ्यावर आलो. ती चढायला गेली आणि आत पडली. माझ्या आत. तिला लागलं नाही. पण म्हणते, अब्बू, तुम्ही आतून रिकामे का आहात?"

"काय सांगितलंस?"

"काम चालू आहे म्हणून सांगितलं."

मग गेममधून पाणी काढून टाकलं. विश्वजित मला केबिनमध्ये बोलावून म्हणाला, "पाणी आलं की गेम संपतो. गेम संपला की माणूस जातो. माणूस जाऊ द्यायचा नाही. पाणी येणार, येणार, एवढंच ठेवू."

"विश्वजित, पाणी येणार नसेल तर वस्तू वाचवायची कशाला?"

"लोक वाचवत राहतील."

"पण माणसाला आपण काहीतरी पुरं केलं असं वाटायला नको? खेळून उठल्यावर त्याच्याकडे काही उरायला नको?"

"उठल्यावरचं आपण मोजत नाही," तो म्हणाला.  तो खुर्चीत मागे रेलला नव्हता. केबिनच्या भिंतीला चिकटून उभा होता, आणि मला आठवेना की मी त्याला शेवटचं पाठमोरं कधी पाहिलं.

त्या दिवशी संध्याकाळ झाली नाही. ऊन टेबलांवर आलं आणि तिथेच थांबलं. मी लिफ्टने खाली गेले, दार उघडलं, आणि समोर आमचंच ऑफिस होतं. पुन्हा खाली गेले. पुन्हा आमचंच ऑफिस. अल्ताफ मान वर करून माझ्याकडे बघत होता.

मी आईला फोन लावला.

"चहा टाकू का?" आई म्हणाली.

"आई, मला यायला उशीर होईल. तू जेवून घे. गोळी घे."

"चहा टाकू का?"

"आई, शिंदोळीचं काहीतरी सांग ना. दाराचं सांग."

पलीकडे तिचा श्वास ऐकू आला. तिला सांगायचं होतं, हे श्वासावरून कळत होतं. तोंड उघडल्याचा आवाज झाला.

"चहा टाकू का?" ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि माझी खुर्ची अल्ताफजवळ ओढली. "चल, कापू या," मी म्हणाले.

"काय?"

"गावं."

आम्ही नकाशा उघडला. आधी उत्तरेचे डोंगर काढले, ज्यांच्यावर जायला वाट नव्हती. मग जंगल, ज्यात एकच झाड हजारदा उभं केलं होतं. काही झालं नाही. मग मी एक अख्खं गाव काढलं. सारखी घरं, सारखी अंगणं, बंद दारं. अल्ताफ दचकला. त्याने हात मागे नेला आणि कानामागे चाचपलं.

"केस," तो म्हणाला. "हेमांगी, मागे केस आहेत."

आम्ही भराभर काढत गेलो. घाट गेला, मान आली. मानेवर एक तीळ होता, मला तो आधी माहीत नव्हता. नारळ गेले तेव्हा ऊन टेबलावरून सरकलं. प्रत्येक गाव पुसलं की शिंदोळीत काहीतरी भरायला आम्हाला सवड मिळायची. मी एका घरात चूल मांडली. अल्ताफने तिच्यासमोर बसलेल्या म्हातारीला उठून दाराशी यायला शिकवलं, गुडघ्यावर हात टेकून, जसं खरं उठतात. तिने दार उघडलं, पाठ केली आणि आत गेली. तिची पाठ पाहून अल्ताफ रडायला लागला.

त्याचे खांदे तयार झाले तेव्हा विश्वजित केबिनच्या दारात आला. तो भिंतीला घासत, आडवा चालत येत होता.

"थांबा," तो म्हणाला.

"अजून थोडंच राहिलंय," मी म्हणाले. "एकच गाव ठेवतोय. सगळी दारं उघडतात. पाणी परत घालते. विश्वजित, तू खेळून बघ एकदा. कॉलेजात आपण जसं बनवायचो, तसं झालंय."

"छोटं म्हणतील."

"म्हणू देत. पुरं आहे."

त्याने पडद्याकडे पाहिलं. चुलीसमोरची म्हातारी पुन्हा येऊन बसली होती. तिने तव्यावरची भाकरी उलटली.  त्याच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

"छान आहे," तो म्हणाला. "खरंच छान आहे गं. पण मी मोठा नकाशा सकाळीच लोकांना दिला. बाहेर गेलाय तो. लोक खेळतायत."

"परत घे."

"लोक आत आहेत, हेमांगी."

हे म्हणताना तो भिंतीपासून थोडा सुटला. मी त्याला बाजूने पाहिलं. बाजू नव्हती. मधे एक रेघ होती, आणि रेघेच्या पलीकडे खिडकी.

अल्ताफ उठला. त्याने आरशासमोर वळून वळून पाहिलं. खांदे होते, आणि त्यांच्याखाली वीतभर पाठ. त्याखाली काही नव्हतं.

"हेमांगी, पाणी तेवढं टाक," तो म्हणाला. "मग गेम संपेल आणि जिना उघडेल. मी निघतो. एवढी पुरेल अलिशाला. खांद्यांवर बसवीन."

मी पाणी टाकलं. जिन्याचं दार उघडलं आणि आम्ही दोघं खाली उतरलो. बाहेर अजून दुपारच होती, पण सावल्या थोड्या लांब झाल्या होत्या. फाटकाशी अल्ताफने हात केला आणि तो शाळेच्या दिशेने पळत सुटला. पळताना त्याचा शर्ट मागून फडफडत होता.

रस्त्यावर खूप माणसं होती आणि ती आमची नव्हती, खेळायला आत आलेली होती. ती भिंतींना हात लावत होती. रंगवलेली दारं ढकलत होती. एक माणूस दुकानाच्या पायरीवर एकाच जागी उड्या मारत होता. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. आमच्या इमारतीखाली एकजण साळगावकरकाकांसमोर उभा होता. काका त्याला पुन्हा पुन्हा तेच विचारत होते आणि तो मधेच, वाक्य संपायच्या आत, निघून गेला. काका उरलेलं वाक्य त्याच्या रिकाम्या जागेला म्हणाले.

मी जिने चढले. आमचं दार उघडं होतं. सगळ्या मजल्यावर तेवढं एकच उघडं होतं.

घरात फार थोडं राहिलं होतं. आईची खुर्ची, ओटा, चहाचं पातेलं, एक पंखा. माझी खोली नव्हती. कपाट भिंतीवर चितारलेलं होतं. आई ओट्याशी उभी होती आणि घराच्या मधोमध एक मुलगी होती, वीसेक वर्षांची, पायात बूट, केस बांधलेले. ती अंगाने पूर्ण होती. मागून, पुढून, सगळीकडून.

"चहा टाकू का?" आई तिला म्हणाली.

मुलगी ओट्याशी गेली. तिने पातेलं उचलून पाहिलं आणि ठेवलं. खुर्चीभोवती फिरली. भिंतीला अंग घासत चालून आली. मग ती माझ्यासमोर आली आणि तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला सांगायचं होतं की शिंदोळीत जा, तिथे सगळं उघडतं, तिथे म्हातारी उठून दाराशी येते. मी तोंड उघडलं.

"पाणी येणार आहे," मी म्हणाले.

मी दुसरं काहीतरी म्हणायचा प्रयत्न केला. पुन्हा तेच आलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरून आले, म्हणजे तिला कळत होतं.

मुलगी आमच्या दोघींच्या मधे उभी राहिली. एकदा आईकडे वळली, एकदा माझ्याकडे. या घरातून एकच घ्यायचं आहे, हे तिला ठाऊक होतं. तिने हात पुढे केला आणि तो हवेत थांबला. कुठेतरी, बाहेर, तिला खेळवणारीला कुणी हाक मारली असावी. तिने हातातलं खाली ठेवलं असावं आणि ती उठून गेली असावी. मुलीचे डोळे उघडेच राहिले, पण त्यांतून कुणी बघत नव्हतं.

पंखा थांबला. पातेल्यातून वर आलेली वाफ जागच्या जागी उभी राहिली. आईचा पदर खांद्यावरून घसरत होता, तो अर्ध्यावर थांबला, आणि त्या मुलीची बोटं पदरापासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर.