फडक्याखालची टेकडी

मी कोळशानं काळा केलेला एक कागद बोलतोय. मला चित्र म्हणावं की नाही, याबद्दल मतभेद आहेत. ज्यांनी मला काढलं ते चित्रकार मला ‘स्टडी’ म्हणत, म्हणजे मोठं चित्र करण्याआधीचा सराव. ज्यांच्या घरी मी राहतो त्या ताई, चित्रकारांच्या थोरल्या भगिनी, मला ‘आमचं चित्र’ म्हणतात. माझं स्वतःचं मत रोज बदलतं.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो, कारण ती मनात ठेवून मला पुढचं बोलता येणार नाही. चार वर्षं माझी टेकडी पुसली जात होती, आणि ती पुसणारी व्यक्ती माझ्यावर सर्वांत जास्त माया करणारी होती.

माझा जन्म उघड्यावर झाला, दुरुस्तीसाठी रिकाम्या केलेल्या एका जलाशयाच्या काठावर. चित्रकार घडीच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर बोर्ड, बोर्डावर मी. पहिल्या दिवशी त्यांनी तळाचा भेगाळलेला चिखल आणि बांधाची भिंत काढली. दुसऱ्या दिवशी त्यातलं निम्मं खोडलं. तिसऱ्या दिवशी वारा सुटला, हातातली कोळशाची कांडी मोडली, आणि वैतागून त्यांनी तळहाताची कड माझ्या डाव्या कोपऱ्यात एकदाच फिरवली. तिथं एक दूरची टेकडी उभी राहिली.

“अरेच्चा!” ते म्हणाले, आणि सामान आवरायला लागले.

पुढे मला समोर ठेवून त्यांनी स्टुडिओत मोठं तैलचित्र केलं. ती टेकडी त्यांनी नऊ वेळा रंगवली आणि नऊ वेळा खरवडली. शेवटी जी राहिली तिला वजन होतं, पण अंतर नव्हतं. तसं ते स्वतःच पुटपुटले. मला अभिमान वाटायला हवा होता. मला भीती वाटली. कारण त्यांचा एक शिरस्ता होता: मोठं चित्र पुरं झालं की सरावाचे कागद फाडायचे. “ते राहिले की माणूस स्वतःचीच नक्कल करत बसतो,” असं ते म्हणत. माझ्याआधीचे सहा कागद माझ्यादेखत फाटले. मला त्यांनी दोन्ही हातांत धरलं, एवढ्यात ताई आत आल्या.

“छोट्या, थांब! हा फाडू नकोस.”

“ताई, कच्चा कागद आहे तो.”

“असू दे कच्चा. तूही कच्चाच होतास, तुला कुणी फाडलं नाही.”

छोट्याचं वय तेव्हा एकसष्ट होतं. तो हसला आणि मी वाचलो.

“काचेत बसवून घे मात्र,” ते म्हणाले. “यावर फवारा मारलेला नाही.” कोळसा कागदात मुरत नाही, नुसता टेकून बसतो. तो जागचा हलू नये म्हणून वरून एक फवारा मारतात. पण त्यानं फिके राखाडी रंग गडद होतात. माझी टेकडी म्हणजे सगळी फिकी राखाडीच. म्हणून त्यांनी तो मारला नव्हता.

ताईंचे यजमान आयुष्यभर पूल तपासत आले होते. कशावर किती भार टाकायचा, हाच त्यांचा धंदा. फ्रेमवाल्यानं विचारलं, “काच लावू की अ‍ॅक्रिलिकची शीट?” तेव्हा त्यांनी दोन्हींचं वजन विचारलं.

“सोफ्याच्या वर टांगायचंय. काच निखळली तर थेट हिच्या डोक्यात.”

“साहेब, कोळशाच्या कामाला काचच बरी.”

“का?”

“बरी असते. आमचे वडील काचच लावायचे.”

यजमानांना आकडा हवा होता, आणि वडील हा काही आकडा नव्हे. शीट लागली. दिसायला काचेसारखीच, वजनाला निम्मी. भिंतीत त्यांनी एवढा मजबूत खिळा ठोकला की त्याला माझ्यासारखे वीस लटकले असते. मग पाणसळीची पट्टी लावून मला सरळ केलं, मागे जाऊन पाहिलं आणि म्हणाले, “आता भूकंप आला तरी हे पडत नाही.” भीती कशाची धरावी, हे माणसांना बहुधा कळत नाही. मला तरी कुठं कळलं होतं!

ताई तीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होत्या. धूळ म्हणजे त्यांचा शत्रू. रोज सकाळी चहा झाला की त्या पिवळं कोरडं फडकं घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत आणि शीट खसाखसा पुसत. पुसताना माझ्याशी बोलतही. “आज तुझा बाप फोन करतो की नाही बघू,” वगैरे. त्या घरात इतक्या आपुलकीनं रोज दुसऱ्या कुणाशी बोललं जात होतं की नाही, शंकाच आहे.

पण फडकं फिरलं की शीटमध्ये एक ओढ निर्माण होई. कंगवा केसांवर घासला की कागदाचे कपटे उचलतो, तशी. माझे सर्वांत हलके कण उठत आणि पलीकडे शीटला जाऊन चिकटत, इतके विरळ की समोरून दिसतही नसत. चिखलाचा काळा भाग दाट, तो टिकून राहिला. जात होती ती टेकडी. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं, निदान शंका तरी राहिली नसती. मला वाटे, उजेडाचा दोष असेल. मग वाटे, टेकडी पहिल्यापासून एवढीच असेल आणि मीच मनात वाढवून ठेवली असेल.

पाहुणे येत. एक शेजारी म्हणाले, “छान आहे. पूर्ण कधी होणार?” ताईंना राग आला. “झालंय ते! तुमच्या डोळ्यांना सवय नाही.” त्या दिवशी त्यांनी मला दोनदा पुसलं.

मग एके दिवशी चित्रकारांचा फोन आला. त्यांच्या आजवरच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यांना मी हवा होतो. फाडलेल्या साऱ्या कागदांतून उरलेला एकटा मी. शनिवारी न्यायला येतो, म्हणाले.

ते आठ दिवस मी कसे काढले, ते मलाच ठाऊक. ज्या टेकडीसाठी ते येणार होते ती जवळजवळ गेलेली. आता ते मला पाहतील आणि चार वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेलं काम पुरं करतील, असं मला वाटे. इकडे ताईंचा उत्साह उतू चाललेला. “एवढ्या लोकांत जायचंय, चकचकीत दिसायला नको?” सकाळी फडकं, संध्याकाळी फडकं. मी ओरडू शकलो असतो तर ओरडलो असतो. पण काय ओरडणार होतो? माया कमी करा म्हणून?

शनिवारी चित्रकार आले. चप्पल काढता काढता त्यांची नजर माझ्यावर गेली, आणि एक चप्पल पायातच राहिली.

“ताई, हे रोज पुसतेस?”

“म्हणजे काय! एक दिवस चुकवलेला नाही. ताप होता तेव्हासुद्धा.”

त्यांनी शीटवर टिचकी मारली. आवाज काचेचा नव्हता.

“भाऊजी, स्क्रू-ड्रायव्हर आहे?”

मला टेबलावर पालथं घालून उघडलं गेलं. शीट उचलून चित्रकारांनी ती खिडकीकडे धरली. तिच्या आतल्या बाजूला टेकडी होती. उलटी, डावीची उजवीकडे गेलेली, पण सगळी.

ताईंना सांगावं लागलं नाही. त्या खुर्चीत बसल्या.

“मी पुसली?”

“शीटनं ओढली गं. तुझा काय दोष?”

“शीटवर हात कुणाचा होता?”

“वजनाचं मी बघितलं होतं,” यजमान म्हणाले. “हे नाही बघितलं.” आणि उगाचच स्क्रू मोजायला लागले.

“छोट्या, परत काढ ना,” ताई म्हणाल्या. “तुझीच तर आहे. एकच तर फराटा.”

चित्रकारांनी पिशवीतून कोळसा काढला, हाताला फासला. तळहाताची कड माझ्या कोपऱ्यावर आली आणि वितभर वर थांबली. किती वेळ, सांगता येत नाही. तो उतरला असता तर मी वाचलो असतो की संपलो असतो, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

“नाही जमायचं,” ते म्हणाले. “दुसरी टेकडी येईल. ती काढण्यापेक्षा ही गेलेली बरी.”

त्यांनी मला फाडलं नाही. प्रदर्शनालाही नेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्यावर तोच फवारा मारला, जो त्यांना कधीच मारायचा नव्हता. उरलेसुरले राखाडी काळवंडले. शीट फेकायला ते निघाले तेव्हा ताईंनी ती हातातून घेतली आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटामागे उभी केली. मला खरी काच लागली. यजमानांनी दुसरा खिळा ठोकला आणि सोफा तीन फूट पुढे ओढला.

तेव्हापासून मी असा आहे. चिखल इथं, टेकडी कपाटामागे. दोघांतला मी कोण, असा प्रश्न पडतो, पण अलीकडे त्याहून दुसराच घोर लागलाय.

ताई माझ्याजवळ येत नाहीत. काचेवर तीन महिन्यांची धूळ आहे. सकाळी त्या फडकं घेऊन निघतात, टेबल पुसतात, खिडकी पुसतात, माझ्यापाशी आल्या की हात मागे घेतात आणि मान खाली घालून स्वयंपाकघरात जातात. बोलत तर नाहीतच.

तुम्ही कधी त्या घरी गेलात, तर माझं एवढं काम करा. त्यांना म्हणावं, काचेला ती ओढ नसते आणि फवारा बसलाय. आता काही जायचं नाही, खुशाल पुसा. अगदी खसाखसा. आणि समजा माझी समजूत चुकली, चार कण आणखी गेले, तर जाऊ देत. पण सकाळी समोर उभ्या राहून काहीतरी बोला म्हणावं.