पंगतीची तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी, काळी तबकडी आहे. चार वादकांनी एका चित्रपटासाठी रचलेले प्रोग्रेसिव्ह रॉक संगीत माझ्या अंगावर कोरलेले आहे. एका बाजूला एकच दीर्घ रचना. शब्द एकही नाही. चित्रपट पडला. समीक्षकांनी त्याच्याबरोबर मलाही पुरले. आधी ऐकण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही.

वडनेरच्या लहानूचा लग्नात लाऊडस्पीकर लावण्याचा धंदा होता. सिनेमाची तबकडी म्हणजे गाणी असणारच, या भरवशावर त्याने मला आणले. पहिल्याच लग्नात मी सुरू झाले आणि नाचणारे जागच्या जागी थिजले.

"लहानूभाऊ, मशीन बिमार हाय काय?" नवरदेवाच्या मामाने विचारले.

"नाई जी. हे जेवताना आयकाचं हाय. बसा पंगतीले," लहानू बेधडक म्हणाला.

ती थाप होती. तिची रीत झाली. पुढे प्रत्येक लग्नात माझा पहिला सूर कानी पडला की माणसे हात धुवायला उठत. विद्वानांकडून मला एवढे आज्ञापालन कधी लाभले नाही.

लहानू वारला आणि मी माळ्यावर गेले. एकदा एक संग्राहक आले. माझ्या वेष्टनावरील चित्र दुर्मिळ असल्याचे सांगून ते वेष्टन तेवढे चौकटीत टांगायला घेऊन गेले. रसिकता म्हणतात ती हीच असावी.

लहानूचा नातू राकेश जुन्या तबकड्या उकळत्या पाण्यात वाकवून शोभेच्या वाट्या करतो आणि जाम गावच्या चौकात विकतो. परवा त्याने माझी कड पाण्यात बुडवली. तेवढ्यात त्याची आजी भागीरथा दारात आली.

"काऊन रे, पंगतीची तबकडी बुडवून राह्यला?"

"आता कोण आयकते हे, आजी?"

"मले आयकाचं हाय."

लहानूच्या माघारी तिचे जेवण घास-दोन घासांवर आले होते. राकेशने मला पुसले, पुलगावहून नवी सुई आणली आणि आज्याचे यंत्र सुरू केले. वाकलेल्या कडेवरून सुई घसरली. माणसांना उठवणारा तो पहिला सूर कायमचा गेला होता. मी मधूनच वाजू लागले.

भागीरथा ऐकत राहिली. मग भिंतीला धरून उठली, हात धुऊन पाटावर बसली.

"वाढ," ती म्हणाली. "अर्धी पंगत तं उठली असन."

मित्रांनो, चौकटीत टांगणे म्हणजे जपणे नव्हे. माझा आरंभ आता कोणालाच ऐकू येणार नाही. उरले आहे तेवढे वाजवा.