मागच्या सीटचा दांडा

लेस्टर क्वास्निकॉफ धावपट्टीच्या काठावर हात बांधून उभा होता. या हिवाळ्यापासून गावोगाव टपाल नेण्याचं काम सिग्नेला द्यायचं की नाही, हे तो आज सांगणार होता. उतरायला आलेल्या दोन सीटच्या छोट्या विमानात सिग्ने मागच्या सीटवर, मांडीवर बटाट्यांचं पोतं घेऊन अवघडून बसली होती. पुढे, विमान चालवत, तिचा बाप, एनार. चाळीस वर्षं अलास्काभर विमान उडवलेला, आणि तेवढीच वर्षं इतरांना अक्कल शिकवलेला.

"शेपटाला चाक असलेलं विमान खुंटीला बांधेपर्यंत उतरलेलं नसतं, कळलं? पाय पेडलवर!" हे त्याचं पालुपद.

पुढची चाकं खडीला टेकली, शेपूट खाली आलं, आणि लेस्टरला पाहून म्हाताऱ्यानं ऐटीत हात हलवला. बस्स! तेवढ्यात नाक डावीकडे वळलं.

"बाबा, उजवा पाय!" सिग्ने ओरडली.

कसला उजवा नि कसलं काय! शेपूट गर्रकन पुढे आलं, विमान भिंगरीसारखं फिरलं, एक चाक मोडलं आणि पंखाचं टोक खडीत रुतलं.

लेस्टर धापा टाकत आला. "लागलं का कुणाला? एनार, अरे झालं काय?"

एनारनं कपाळावरचा घाम पुसला. "पोरीला म्हटलं, आज तू उतरव. पाय ढिले सोडले तिनं."

सिग्नेच्या अंगाची लाही लाही झाली. तिनं तोंड उघडलं. पण बाप डोळ्यांनी चक्क भीक मागत होता. उडणं सुटलं तर हा माणूस वर्षभरही जगायचा नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं तोंड मिटलं.

"असू दे गं," लेस्टर म्हणाला. "पण टपालाचं... या वर्षी नको."

संध्याकाळी जेवताना एनारनं तिच्या ताटात साल्मनचा मोठा तुकडा वाढला. "मनाला लावून घेऊ नकोस पोरी. सुरुवातीला सगळ्यांचंच असं होतं."

एवढं ऐकल्यावर मात्र ती उठली. दाराजवळच्या खिळ्याला मागच्या सीटचा दांडा टांगलेला होता, विमान चालवायचा. सामान आणायचं असलं की तो काढून ठेवायचा, ही इथली रीत. आज सकाळी पोत्याला जागा हवी म्हणून एनारनंच काढला होता. त्या दांड्याशिवाय मागे बसून विमान उतरवील असा माईचा लाल अजून जन्मायचाय! तिनं तो बापाच्या ताटाशेजारी ठेवला.

एनारनं दांड्याकडे पाहिलं. मग खाली ताटाकडे.

"जेव," तो म्हणाला. "गार होतंय."